सुरी शिकाऱ्याकडे, शिक्का सरकारकडे

जर्मनीत रानडुक्कर मारलं की ते लगेच खाता येत नाही. मारणाऱ्याकडे शिकारीचा परवाना असतो, त्या रानात शिकार करण्याचा हक्क त्याने रीतसर मिळवलेला असतो, जनावर त्याच्या गाडीत पडलेलं असतं. तरीही त्याच्या मांसाचा तुकडा प्रयोगशाळेत जाऊन ‘ट्रायकिनेला आढळली नाही’ असा निर्वाळा येईपर्यंत ते विकायचं नाही, शेजाऱ्याला द्यायचं नाही आणि स्वतःच्या घरातही शिजवायचं नाही. या शेवटच्या अटीकडे माझं लक्ष सगळ्यात जास्त जातं. आपण मारलेलं, आपणच खाणार, त्यात सरकारचा काय संबंध, असं म्हणायला तिथे कायद्याने जागाच ठेवलेली नाही.

मग तो तुकडा काढायचा कुणी? अनेक वर्षं उत्तर सरळ होतं: सरकारी पशुवैद्याने किंवा त्याच्या हाताखालच्या नेमलेल्या माणसाने. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यात बदल झाला. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयाला आता प्रशिक्षण घेतलेल्या शिकाऱ्याला नावानिशी अधिकारपत्र देता येतं. ते हातात असलं की रानडुक्कर आणि बॅजर या दोन प्राण्यांच्या मांसाचा नमुना शिकारी स्वतः काढू शकतो. तपासणी मात्र प्रयोगशाळेतच होते आणि मांस मोकळं करण्याचा निर्णयही सरकारी यंत्रणेचाच राहतो.

वरवर ही एक प्रशासकीय सोय वाटेल. मला त्यात सार्वजनिक आरोग्याच्या कारभारातला फार मोलाचा विचार दिसतो. एखाद्या कामातला कोणता भाग नागरिकाच्या हाती द्यायचा आणि कोणता कधीच द्यायचा नाही, याची रेघ इथे नेमक्या जागी ओढली आहे. ही रेघ चुकली की काय होतं हेही पाहण्यासारखं आहे. सगळंच सरकारने स्वतःकडे ठेवलं तर नियम कागदावर राहतो आणि माणसं रात्रीच्या अंधारात आपलं आपलं उरकून घेतात. सगळंच नागरिकावर सोपवलं तर त्या नियमाला अर्थ उरत नाही.

आधी ज्याची भीती आहे तो जीव समजून घेऊ. ट्रायकिनेला हा सूतकृमी आहे. स्नायूत वेटोळं घालून बसलेली त्याची अळी साधारण एक मिलिमीटर लांबीची असते. असं मांस पोटात गेलं की जठरातलं आम्ल अळीभोवतीचा कोश विरघळवून टाकतं, अळ्या लहान आतड्यात शिरतात, काही दिवसांत प्रौढ होतात आणि मादी शेकडो जिवंत पिल्लं सोडते. ती रक्तावाटे शरीरभर पसरतात आणि स्नायूंच्या पेशींत घुसून तिथे वर्षानुवर्षं टिकतात. सुरुवातीला जुलाब आणि पोटदुखी, मग ताप, डोळ्यांभोवती सूज आणि अंग मोडून टाकणारी स्नायूदुखी. हृदयाच्या स्नायूला बाधा झाली तर जिवावर बेततं. आज अल्बेंडाझोल, मेबेंडाझोल ही औषधं आहेत, पण ती लवकर मिळाली तरच त्यांचा खरा उपयोग होतो.

या सगळ्यात एक गोष्ट निर्णायक आहे. लागण झालेलं मांस दिसायला, वासाला, हाताला अगदी निरोगी मांसासारखंच असतं. चाळीस वर्षं रानात काढलेल्या शिकाऱ्यालाही ते ओळखता येणार नाही. जनावर लंगडत होतं का, आतड्यांना गाठी होत्या का, यकृतावर डाग होते का, हे तो पाहतो आणि ते त्याने पाहायलाच हवं. या अळीपुढे मात्र त्याचा सगळा अनुभव निरुपयोगी आहे. म्हणून शिकाऱ्याच्या कौशल्यावर विश्वास ठेवणं आणि त्याच्या निर्वाळ्यावर विश्वास ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत होऊ न देणं हेच या अधिकारपत्राचं मर्म आहे.

हा धडा जर्मनीने फार मोठी किंमत देऊन घेतला. लंडनमध्ये १८३५ साली जेम्स पॅजेट या विद्यार्थ्याला एका मृतदेहाच्या स्नायूंत हे कृमी दिसले आणि रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन करून नाव दिलं. तेव्हा ते निरुपद्रवी कुतूहल समजलं गेलं. १८६० च्या जानेवारीत ड्रेस्डेनमध्ये एक तरुण मोलकरीण विषमज्वर समजून इस्पितळात आली आणि वारली. फ्रीडरिश फॉन झेंकर यांनी तिचे स्नायू तपासले तर ते अळ्यांनी भरलेले. ते तिथे थांबले नाहीत. ती ज्या घरी कामाला होती तिथे नाताळच्या सुमारास डुक्कर कापलं होतं. त्याचं हॅम आणि सॉसेज शिल्लक होतं, त्यातही तेच सापडलं. रोगी, स्वयंपाकघर आणि जनावर हे तीन दुवे प्रथमच एका साखळीत जोडले गेले. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये, हेडर्सलेबेन या गावात कच्च्या डुकराच्या मांसातून साथ आली. तीनशेहून अधिक माणसं आजारी पडली आणि १०१ दगावली. एका खेड्यात एकशे एक मृत्यू.

डॉक्टर रुडॉल्फ फिर्शो यांनी तेव्हा हट्टाने एकच मागणी लावून धरली: प्रत्येक डुक्कर सूक्ष्मदर्शकाखाली गेलंच पाहिजे. खाटीक चिडले, मांसाचे व्यापारी चिडले. प्रशियाने १८७७ साली ही तपासणी सक्तीची केली आणि १९०० च्या मांस-तपासणी कायद्याने सगळ्या जर्मनीत मांस-तपासणीची चौकट उभी राहिली. आता प्रश्न असा होता की गावोगावी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणार कोण? एवढे पशुवैद्य नव्हतेच. मग न्हावी, शाळामास्तर, कारागीर अशा माणसांना शिकवून, परीक्षा घेऊन नेमलं गेलं. स्नायूचे ओटच्या दाण्याएवढे तुकडे काचेच्या दोन जाड पट्ट्यांमध्ये दाबायचे आणि एकेक तुकडा पाहत जायचं, हे त्यांचं काम. म्हणजे सर्वसामान्य माणसाच्या हाती या तपासणीचा एक भाग सोपवणं ही आजची क्लृप्ती नाही. ही व्यवस्था जन्मली तेव्हाच तिने गावातल्या माणसाला सामावून घेतलं होतं. पुढे पद्धत बदलली आणि डोळ्याचं काम प्रयोगशाळेकडे गेलं. आता हाताचं काम पुन्हा गावाकडे परतलं आहे.

या व्यवस्थेचं फळ काय, ते जर्मन बेकरीत दिसतं. ‘मेट’ म्हणजे मीठ, मिरी आणि वरून कांदा घातलेला डुकराचा कच्चा खिमा. तो पावावर पसरून लोक सकाळच्या न्याहारीला खातात, कार्यालयातल्या वाढदिवसाला थाळ्याच्या थाळ्या येतात. ज्या देशात कच्च्या डुकराच्या मांसाने गाव ओस पाडलं, तिथेच ते आज निर्धास्तपणे खाल्लं जातं. या निर्धास्तपणामागे दीडशे वर्षांची न चुकता केलेली तपासणी आहे. खाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ती आठवत असेल, आणि मला ते योग्यच वाटतं. लोकांना रोज आठवावी लागते ती व्यवस्था अजून पुरती रुजलेली नसते.

आता नमुना कसा निघतो ते जवळून पाहू. कोणता स्नायू घ्यायचा हे ठरलेलं आहे: श्वासपटलाचे खांब, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला पाठीच्या कण्याशी बांधून ठेवणारे जाड स्नायू, आणि पुढच्या पायाच्या खालच्या भागातला स्नायू. सतत राबणाऱ्या, भरपूर रक्त मिळणाऱ्या स्नायूंत अळ्या जास्त जमतात. आतडी काढताना घाईत श्वासपटलाचे हे खांबच कापून फेकले जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रशिक्षणात त्यावर भर असतो. स्नायूवरची चरबी आणि पांढरे पडदे खरवडून काढायचे, कारण ते प्रयोगशाळेत नीट पचत नाहीत. तुकडे पिशवीत घालायचे. धडाला क्रमांकाचा बिल्ला टोचायचा, तोच क्रमांक पिशवीवर आणि तोच पत्रकावर. जनावर कुठल्या रानात पडलं, कधी पडलं, कुणी मारलं, नर की मादी, अंदाजे वय किती, हे त्या पत्रकात भरायचं. एक प्रत नमुन्याबरोबर जाते, एक धडाबरोबर राहते. धड मात्र शीतघरात, सात अंशांच्या आत.

प्रयोगशाळेत पुढे जे घडतं ते पोटात घडतं तेच. नियमाने रानडुकरामागे पाच ग्रॅम स्नायू घेतात आणि वीस जनावरांचे मिळून शंभर ग्रॅम एकत्र बारीक करतात. दोन लिटर पाणी, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि दहा ग्रॅम पेप्सिन. तापमान ४६ ते ४८ अंश. चुंबकीय ढवळणीवर अर्धा तास हे ढवळत राहतं, मांस विरघळतं, अळ्या मोकळ्या होतात. मग गाळायचं, तळाशी बसू द्यायचं आणि तो गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. वीसांच्या गटात एकही अळी दिसली की गट फोडून एकेक जनावर पुन्हा तपासायचं. पूर्वीची काचेच्या पट्ट्यांची पद्धत मागे पडली त्याचं एक कारण ट्रायकिनेला स्यूडोस्पायरॅलिस ही जात. ती स्वतःभोवती कोश करत नाही, त्यामुळे दाबलेल्या तुकड्यात सहज निसटते.

ही सगळी साखळी डोळ्यांसमोर ठेवली की लक्षात येतं, यातलं नमुना काढणं हे एकच काम असं आहे की ज्याला जागेवर, वेळेवर आणि जनावर समजणाऱ्या हाताची गरज आहे. रानडुकराची शिकार रात्री होते, शनिवारी-रविवारी होते, हिवाळ्यातल्या हाक्यात एका दिवसात कित्येक जनावरं पडतात. २०१९-२० च्या हंगामात जर्मनीत सुमारे ८ लाख ८० हजार रानडुकरं मारली गेली. एवढ्या प्रत्येक धडापाशी पशुवैद्य पोहोचणार, किंवा प्रत्येक धड गाडीत घालून त्याच्यापाशी नेलं जाणार, ही कल्पना फक्त नियम लिहिणाऱ्याच्या टेबलावर खरी असते. उन्हाळ्यातल्या उबदार रात्री मारलेलं जनावर सोमवारच्या सकाळची वाट पाहत नाही. तपासणीची वाट लांब केली की प्रामाणिक माणूस जाचाला कंटाळतो आणि अप्रामाणिक माणूस वाट सोडून देतो. त्यात हरतं ते आरोग्य.

याउलट, ज्याच्या हातात आधीच सुरी आहे, ज्याने ते जनावर उघडलेलं आहे, त्याच्याच हाताला दोन कट अधिक शिकवले तर काम दहा मिनिटांचं. जर्मनीत शिकारीच्या परवान्याची परीक्षा अवघड असते, त्यात मांसाची स्वच्छता हा विषय असतो. नमुन्याचं प्रशिक्षण त्यावरची एक पायरी आहे.

पण मग कुंपणानेच शेत खाल्लं तर? हा आक्षेप गंभीर आहे, त्याला उडवून लावणं बरोबर नाही. ज्याचं मांस, तोच नमुना काढणार. अहवाल वाईट आला तर नुकसान त्याचंच. उद्या त्याने दुसऱ्याच, आधी तपासून निर्दोष ठरलेल्या जनावराचा तुकडा पिशवीत घातला तर?

माझं म्हणणं असं की हा आक्षेप चुकीच्या माणसाला घाबरतो. फसवणूक करून शिकाऱ्याला मिळणार काय? लाखो जनावरांमागे मोजकीच दूषित निघतात. आपलं जनावर त्यातलं आहे हे त्याला आधी कळण्याचा काही मार्गच नाही, त्यामुळे नेमक्या त्याच वेळी नमुना बदलावा असं त्याला का वाटेल? आणि ते मांस पहिल्यांदा जातं ते त्याच्याच घरच्या ताटात. खरी भीती लबाडीची नाही, हलगर्जीपणाची आहे. बोटं गारठलेली असताना तीस जनावरांच्या रांगेत बिल्ले उलटसुलट होणं, श्वासपटलाऐवजी हाताला लागला तो मांसाचा तुकडा घेणं, चरबीच जास्त भरणं, पत्रकावर रानाचं नाव अर्धवट लिहिणं. यासाठी चोर पकडायची यंत्रणा उपयोगाची नाही, चूक पकडायची यंत्रणा हवी. नमुना अपुरा असेल तर प्रयोगशाळेने तो परत पाठवावा, कुणाचे नमुने वारंवार खराब येतात याची नोंद ठेवावी आणि त्याला पुन्हा प्रशिक्षणाला बसवावं. अधिकारपत्र नावानिशी दिलेलं आहे, म्हणूनच ते काढूनही घेता येतं. ‘शिकारी’ नावाच्या जमातीवर विश्वास ठेवणं आणि या नावाच्या, या सहीच्या, या बिल्ल्याच्या माणसावर विश्वास ठेवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरा विश्वास तपासता येतो.

अधिकारपत्राला मर्यादाही आहेत आणि त्या शहाणपणाच्या आहेत. मारण्याआधी जनावराचं वागणं विचित्र होतं, किंवा आत काही संशयास्पद दिसलं, तर शिकाऱ्याचा अधिकार तिथेच संपतो. ते जनावर पूर्ण सरकारी तपासणीलाच न्यावं लागतं. मांस मोठ्या प्रक्रिया-केंद्रात जाणार असेल तर तिथे नमुना सरकारी माणूस घेतो. शिकाऱ्याच्या हातची सुरी चालते ती घरच्या वापरापुरती, आणि थेट गिऱ्हाइकाला किंवा जवळच्या दुकानाला थोडंथोडकं द्यायचं असेल तेवढ्यापुरती. व्यवहार जितका दूरचा आणि अनोळखी, तितकी सरकारची उपस्थिती जास्त. हे प्रमाण मला पटतं.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. इतकी क्वचित सापडते तर तपासायचंच कशाला? नीट शिजवून खा म्हणावं, ७१ अंशांपुढे अळी मरते. हे शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे, व्यवहारात अपुरं आहे. रानडुकराचं मांस सगळेच रस्सा करून खात नाहीत. त्याचं धुरावलेलं कच्चं हॅम होतं, वाळवलेलं सॉसेज होतं. गोठवून ठेवा म्हणावं तर पाळीव डुकरातली नेहमीची जात गोठवल्याने मरते, पण कोल्ह्यांत वावरणारी ट्रायकिनेला ब्रिटोव्ही बरीच थंडी सोसते आणि उत्तरेकडची ट्रायकिनेला नेटिव्हा तर त्याहून चिवट. उत्तर ध्रुवाकडे फुग्यातून निघालेल्या सालोमोन आंद्रेच्या १८९७ च्या मोहिमेतले तिघे पांढऱ्या अस्वलाच्या मांसातल्या ट्रायकिनेलाने दगावले असावेत, असं अनुमान एका डॅनिश डॉक्टरने १९५२ साली मांडलं. त्यावर आजही वाद आहे. पण बर्फ या कृमीपासून वाचवतंच असं नाही, एवढं अभ्यासकांनी मान्य केलेलं आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पाळीव डुकरांतून ट्रायकिनेला जवळपास नाहीशी झाली, कारण गोठे बंदिस्त झाले, उष्टं-खरकटं घालणं थांबलं, उंदीर आवरले गेले. रानात यातलं काहीच करता येत नाही. कोल्हे, रॅकून-डॉग आणि रानडुकरं एकमेकांची मढी खात राहणार आणि चक्र चालू राहणार. शिकाऱ्याने लाख नमुने पाठवले तरी रानातली अळी एकानेही कमी होत नाही. ही तपासणी रानासाठी नाहीच, ती फक्त ताटासाठी आहे. म्हणूनच ‘इतकी वर्षं तपासतोय, आता पुरे’ असं म्हणण्याचा दिवस रानडुकरांच्या बाबतीत येणार नाही. ज्या तपासणीला शेवट नाही ती माणसाला झेपेल अशीच आखली पाहिजे, आणि शिकाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र मला आवश्यक वाटतं ते याच कारणाने.

तपासणी सगळं पकडते असंही कुणी समजू नये. टॉक्सोप्लाझ्मा, हेपटायटिस ई यांचा या चाचणीशी संबंध नाही. अलारिया अलाटा नावाचा दुसरा एक परजीवी रानडुकरात असतो, तो ट्रायकिनेला शोधताना कधीकधी योगायोगाने दिसतो. बव्हेरियाच्या काही जंगलांत रानडुकरांच्या मांसात किरणोत्सारी सीझियम अजून मर्यादेबाहेर सापडतं आणि तिथले शिकारी त्याचीही वेगळी मोजणी करून घेतात. तेव्हा ‘ट्रायकिनेला नाही’ या निर्वाळ्याचा अर्थ तेवढाच घ्यायचा, आणि शिजवायचं ते नीटच शिजवायचं.

२०१३ साली जर्मनीत रानडुकराच्या मांसातून ट्रायकिनेलाची साथ आली. इतकी बंदिस्त व्यवस्था असूनही आली. पण ते मांस कुणी कुणी खाल्लं हे शोधता आलं आणि लक्षणं दिसायच्या आत अनेकांना औषध देता आलं. अशा प्रतिबंधक उपचाराचा उपयोग किती होतो याचा अभ्यासही त्या प्रसंगावरून झाला. क्रमांकाचा बिल्ला आणि ते कंटाळवाणं पत्रक यांची किंमत अशा वेळी कळते. चूक झाली तरी तिच्या मागावर जाता येणं, हा नोंदीचा खरा लाभ आहे.

मला या व्यवस्थेत दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे शुल्क. नमुना शिकाऱ्याने काढायचा, पोहोचवायचा त्याने आणि वर तपासणीचे पैसेही त्यानेच भरायचे. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रांडेनबुर्गमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा साथीचा रोग पोहोचला. त्याच्या धास्तीने रानडुकरं कमी करण्याचा सरकारने आग्रह धरला, तेव्हा कित्येक जिल्ह्यांनी हे शुल्क माफ केलं. माझ्या मते ते सगळीकडे आणि कायमचं माफ व्हावं. सरकारचं काम नागरिक करतोय तर निदान त्याच्या खिशाला कात्री नको. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. काही जिल्ह्यांत ‘अमुक वेळेपर्यंत आमच्याकडून काही कळलं नाही तर मांस मोकळं समजावं’ अशी रीत आहे. कार्यालयाच्या दृष्टीने ती सोयीची असेल. पण नमुना वाटेत हरवला, बिल्ल्याचा क्रमांक चुकला, फोन लागला नाही, तरी त्या सगळ्याचा अर्थ ‘निर्दोष’ असाच होतो. शिकाऱ्याने स्पष्ट बोलायचं, लिहून द्यायचं, सही करायची आणि सरकारने मात्र गप्प राहून संमती द्यायची, हा सौदा बरोबरीचा नाही. आज क्रमांक टाकून अहवाल पाहता येईल अशी सोय करणं मुळीच अवघड नाही. मुद्दा असा की शिक्का सरकारचा असेल तर तो उमटलेला दिसला पाहिजे.

हे सगळं वाचताना कोकणातला किंवा विदर्भातला वाचक आपल्या रानडुकरांचा विचार केल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि मी ती उघडा असं म्हणत नाही. पण त्याच कायद्यात, पिकाची नासाडी करणारं जनावर वनखात्याच्या परवानगीने मारण्याची तरतूद आहे, आणि महाराष्ट्रात रानडुकरांसाठी ती वापरली जाते. शिवाय चोरून होणारी शिकार आहेच. हाका घालणं, रात्री बंदूक घेऊन बसणं, सकाळी मटणाचे वाटे पाडणं, हे कुठल्या गावात चालतं ते त्या गावात सगळ्यांना माहीत असतं. जे मांस मुळात अस्तित्वातच नाही असं सरकार मानतं, त्याची तपासणी कोण करणार? आणि ते खाऊन कुणाचं अंग दुखायला लागलं, डोळे सुजले, तर तो डॉक्टरला काय खाल्लं ते सांगणार का? उत्तराखंडातल्या डोंगरी भागात रानडुकराचं मांस खाऊन लोकांना ट्रायकिनेलोसिस झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आपल्याकडे तशी चर्चा ऐकू येत नाही, यावरून आपली रानं निर्दोष आहेत असं ठरत नाही. आपण पाहिलेलं नाही, इतकंच त्यावरून ठरतं.

रानात वावरणारा माणूस हा सरकारचा पहिला डोळा असतो, हे आपल्याला नवं नाही. गोव्यात सत्तरीत आणि पाठोपाठ सिंधुदुर्गात दोडामार्गात माकडताप पसरला, तेव्हा रानात मरून पडलेलं माकड पाहून ते आरोग्य खात्याला कळवणारा गावकरी हाच सगळ्यात आधीचा इशारा होता. काजूच्या बागेत जाणाऱ्या बाईला जे दिसतं ते मुंबईच्या कार्यालयाला दिसणं शक्य नाही. तेव्हा गावाला सांगितलं गेलं: मेलेल्या माकडाला हात लावू नका, आम्हाला कळवा. कळवायचं काम गावाकडे, तपासायचं प्रयोगशाळेकडे. तत्त्व तेच आहे.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. वनखातं ज्या रानडुकराला मारायची लेखी परवानगी देतं, त्याच्या विल्हेवाटीआधी श्वासपटलाचा आणि पुढच्या पायाचा नमुना घेतला जावा. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत परजीवीशास्त्राचे विभाग आहेत. पेप्सिन, आम्ल, ढवळणी आणि सूक्ष्मदर्शक यांपलीकडे या चाचणीला फारसं काही लागत नाही. नमुना वनरक्षकाने घ्यावा, किंवा ज्याच्या शेतात जनावर पडलं त्या शेतकऱ्याला शिकवून त्याने. पीक नासल्याचा पंचनामा करायला आपण गावात जातोच. त्याच कागदावर जनावराचा क्रमांक, नमुना घेणाऱ्याचं नाव आणि प्रयोगशाळेच्या अहवालासाठी एक मोकळा रकाना, एवढी भर घालायची. पहिली काही वर्षं त्या रकान्यात ‘आढळली नाही’ एवढंच येत राहिलं, तरी विदर्भाच्या आणि कोकणाच्या रानाबद्दल ते आपल्याला पहिल्यांदाच पाहून कळलेलं असेल.